तुरुंगाच्या ओट्यावरचा कासार

तुरुंगात कोंडलेल्या माणसाने पैसे कमवायचे तरी कसे, सांगा बरं? वाघेरीच्या महाराजांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. ज्याची हुंडी न वटता परत येईल, त्याने पैसे भरेपर्यंत तुरुंगात बसायचं, असा त्यांचा कायदा!

हैबती कासाराची चाळीस रुपयांची हुंडी अशीच परतली आणि तो गजाआड गेला. नागपंचमी चार दिवसांवर होती. वर्षाची निम्मी कमाई याच दिवसांतली, आणि गावात दुसरा कासार नाही! त्याची लेक सगुणा तडक दरबारात गेली.

"महाराज, बाबांना सोडा. पंचमीच्या बांगड्या भरून ते सगळे पैसे फेडतील."

"आणि पळाला तर?"

"मला टाकून कुठे पळतील?"

"ते मला सांगू नकोस!" महाराज हट्टाला पेटले. "त्याच्यावरून शिपायाची नजर हटायची नाही आणि शिपाई तुरुंगाचं दार सोडायचा नाही. एवढं सांभाळून कमवू दे की खुशाल!"

दरबारी खो खो हसले. सगुणाने मुजरा केला. "जमवते, महाराज. शब्द तेवढा फिरवू नका!"

घरून बांगड्यांच्या माळा आणून तिने तुरुंगाच्या दारापुढच्या ओट्यावरच चटई अंथरली. शिपायाने हैबतीला तिथे बसवलं आणि भाला रोवून स्वतः शेजारी उभा राहिला. हुकूम तर तंतोतंत पाळला जात होता!

तिसऱ्या दिवशी महाराज घोड्यावरून बघायला आले, तर पुढे जायला वाटच नाही! माहेरवाशिणी, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, सगळ्यांची झुंबड.

"अगं सरक की!"

"वा गं! आधी मी आलेय!"

"हा तुरुंग आहे की जत्रा?" महाराज गरजले. "मी पहारा मागितला होता!"

"तुम्ही एका शिपायाचा मागितलात," सगुणा म्हणाली, "मी दीडशे बायकांचा लावलाय. सणाच्या तोंडावर यांच्या तावडीतून कासार निसटेल? तुम्हीच नेऊन दाखवा!"

"शिपाई! घेऊन चल त्याला!"

"खबरदार!" गर्दीतून आवाज आला. "माझा एकच हात भरून झालाय!"

महाराजांनी मान वळवली. चटईवर राणीसाहेब बसल्या होत्या!

महाराज इतके हसले, इतके हसले, की घोडासुद्धा बिचकला. "हरलो, पोरी!" म्हणत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं. "आजपासून हुंडीच्या साऱ्या कैद्यांची देखरेख तुझ्याकडे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती चाळीस रुपये चुकते करून घरी गेला, आणि सगुणाने त्याच्या जागी कैदेतल्या शिंप्याला सुईदोरा देऊन बसवलं.