सगुणाचं आयतं ताट

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव त्याचं गेनू. भोळा म्हणजे असा, की सांगाल तेवढंच करणार, सांगाल तसंच करणार, आणि वर तुमच्याच तोंडाकडं बघत उभा राहणार, शाबासकी कधी मिळते म्हणून. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

त्याची बायको सगुणा. गेनूचा तिच्यावर भारी जीव. पण एकदा तिला ताप भरला. गोधडीतूनच ती म्हणाली, "अवं, आज माझ्यानं उठवत न्हाई. तुमच्यापुरतं कायतरी करून खावा."

गेनूनं दोन अंडी उकडली. दोन्ही खाल्ली. ताटली घासून पालथी घातली आणि झोपून गेला. सगुणा राहिली उपाशी. ती अंडं खात नव्हती हे खरं, पण निदान विचारायला काय जात होतं?

ताप उतरला तशी तिनं पिशवी भरली. म्हणाली, "दोन वरसं तुमाला रांधून वाढतीय. एक दिस मला आयतं ताट मिळू दे. पुरणपोळीचं, तुमच्या हातचं. येत्या शुक्रवारी दुपारी सर्जेरावासंगं येते. ताट मिळालं तर ऱ्हाते. न्हाई तर आल्या पावली माघारी, आन पुन्हा न्यायला येऊ नका." सर्जेराव तिचा भाऊ. मोठ्या मिशांचा, कमी बोलणारा.

सगुणा माहेरी गेली आणि घर गेनूला खायला उठलं. त्याला येत होता तो एकुलता एक पदार्थ अंड्याचा, म्हणजे तो बाद. मग तो गेला शेजारच्या ठकूआत्याकडं. ठकूआत्याच्या हाताला चव होती आणि जिभेला धार.

"आत्या, सगुणा कायमची गेली तर मी काय करू?" म्हणत तो रडायलाच लागला.

"रडतोस कशाला? मी सांगते तसं कर," आत्या म्हणाली. तिथंच ती फसली.

सोमवारी गेनूनं हरभऱ्याची डाळ शिजवली. चव बघायला घास घेतला तर दाढेखाली खडा. गाल धरून आत्याकडं पळाला.

"अरं बाबा, चुलीवर ठेवायच्या आधी तीन पाण्यानं धुवायचं. खळखळून! पाणी नितळ दिसंस्तोवर."

"एवढंच ना? ध्यानात ठेवलं."

मंगळवारी पाळी गुळाची. गेनूनं अख्खी ढेप पातेल्यात घातली आणि पहिल्या पाण्यानं धुतली. ढेप अर्धी झाली. दुसऱ्या पाण्याला सुपारीएवढी उरली. तिसऱ्या पाण्याला पातेल्यात नितळ पाणी आणि खाली पातेल्याचं बूड. गेनू खूश. मग गूळ शोधायला लागला.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरं, गुळाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नसतो! कोरड्या फडक्यात बांधायचा आन वरवंट्यानं ठेचायचा. दया करायची न्हाई."

"एवढंच ना? ध्यानात ठेवलं."

बुधवारी कणीक मळायची होती. गेनूनं दोन शेर पीठ कोरड्या फडक्यात बांधलं आणि वरवंटा घेऊन बसला. दया केली नाही. तिसऱ्या दणक्याला फडकं फाटलं. अंगणातल्या लाल कोंबड्या पांढऱ्या झाल्या. रस्त्यानं चाललेल्या माणसाला वाटलं घर पेटलं, तो घागर घेऊन धावत आला.

"मुडद्या!" आत्या ओरडली. "पिठात पाणी घालायचं! तेलाचा हात लावायचा, मऊसूत मळायचं, आन वर ओलं फडकं टाकून दोन तास मुरत ठेवायचं."

"एवढंच ना? ध्यानात ठेवलं."

गुरुवारी राहिले होते पापड. गेनूनं बारा पापडांत पाणी घातलं, तेलाचा हात लावला, मनापासून मळलं, ओल्या फडक्याखाली दोन तास ठेवलं. बारा पापडांचा एक गोळा झाला. पण काय मऊसूत म्हणून सांगू!

आत्या त्या गोळ्याकडं बघतच राहिली. मग फार हळू आवाजात म्हणाली, "गेनबा, पापड निखाऱ्यावर भाजायचा. भाजला की लगीच पानात वाढायचा, न्हाईतर मऊ पडतो. आन जेवणाऱ्याच्या म्होरं उभं ऱ्हायचं. त्यानं कुर्रकन मोडून तोंडात घातला, की मगच हलायचं."

"एवढंच ना? ध्यानात ठेवलं."

शुक्रवार उजाडला. आता याच्या हातात काही सोडायचं नाही असं ठरवून आत्या पहाटेच येऊन चुलीशी बसली. करायचं गेनूनंच, पण तिच्या डोळ्यांदेखत. डाळ धुतली, गूळ फोडला, कणीक मळली. जे ज्याचं ते त्यालाच लागू केलं. आणि खरं सांगतो, स्वयंपाक असा उतरला की गल्लीतली माणसं वासानं उगीचच दारावरून दोनदा गेली. टम्म फुगलेल्या पोळ्या, कटाची आमटी, भरलं वांगं, कोथिंबिरीच्या वड्या, वाफाळता भात.

आत्याचे डोळे भरून आले. "जिंकलंस रं! आता आधी देवाला निवद दाखव. तवर मी आंघोळ करून येते."

ती परत आली तेव्हा बारा वाजायला आले होते. गेनू देवापुढं उभाच. ताट गार.

"काय करतोयस?"

"पापड वाढलाय. अजून कुर्रकन वाजला न्हाई."

आत्यानं खांबाला टेकून दोन मोठे श्वास घेतले. "अरं, देव खातो का कधी? त्याला नुसतं दाखवायचं असतं. ताटाभोवती पाणी फिरवायचं, डोळं मिटायचं, हात जोडायचं. तेवढ्यानं तो तृप्त. मग ताट उचलायचं, आत न्यायचं आन आपण बसून खायचं. पानात कण टाकायचा न्हाई, पाप लागतं."

"कण पण न्हाई?"

"कण पण न्हाई. ज्याच्यावर आपला जीव, त्याचं असंच करायचं असतं. चल, खा ते आन सगुणाचं गरम कर. मी जाते. नवराबायकोच्या मधी मी कशाला?"

गेनूनं देवाचं ताट संपवलं. कण टाकला नाही. पोट तट्ट फुगलं. तेवढ्यात एसटी वाजली.

सगुणा आली. मागं सर्जेराव. तो ओसरीवर टेकला, पण पिशवी खांद्यावरून उतरवली नाही.

आत पाट मांडलेला. भोवती रांगोळी, जरा वाकडी. सगुणा हातपाय धुऊन पाटावर बसली आणि गेनूनं ताट समोर ठेवलं. तूप पोळीवरून ओघळत होतं. सगुणानं वाकून ताटाचा वास घेतला.

"हे तुमी केलं?"

"मीच. आत्यानं नुसतं तोंड चालवलं."

सगुणा हसली. सहा दिवसांचा राग त्या तुपासारखा पातळ झाला. ओसरीवर सर्जेरावानं खांद्यावरून पिशवी काढली आणि खाली ठेवली.

गेनूनं तांब्या घेतला. ताटाभोवती पाणी फिरवलं. डोळे मिटले. सगुणासमोर हात जोडले.

आता सांगा, कुठल्या बाईसमोर नवरा असा उभा राहतो? सगुणा लाजेनं चूर झाली. तिनंही डोळे मिटून घेतले. मनात म्हणाली, भोळा असंल, पण माझाच हाय. आता कुठं जायचं न्हाई.

डोळे उघडले, तर समोर रांगोळी. ताट नाही.

गेनू आत चुलीपाशी बसून पुरणपोळी खात होता. घास जात नव्हता. आधीच पोट फुटायला आलेलं. घाम फुटला, डोळ्यांतून पाणी आलं, पण पठ्ठ्या थांबला नाही. सगुणासाठी खात होता. भात संपवला, आमटी ओरपली, वड्या संपवल्या. शेवटी बोटानं ताट निपटलं. कण टाकला नाही.

सगुणा दारात येऊन उभी राहिली. "अवं," ती म्हणाली, "आन मला?"

"तुला दाखवलं की," गेनू म्हणाला.

ओसरीवर सर्जेरावानं पिशवी उचलली.

तासाभरानं ठकूआत्या हसत हसत आली. गेनू पोटावर हात ठेवून ओसरीवर आडवा पडला होता. चेहऱ्यावर मोठं समाधान.

"काय रं, जेवली का सगुणा?"

"आत्या, देवापरास सगुणा बरी," गेनू म्हणाला. "देव काय जागचा हलला न्हाई. ती बघ, एका मिनिटात तृप्त होऊन उठून पण गेली."