कोठीची चाचणी आणि आबूराव

एका गावात एक भोळा कामगार होता, भिवा. हैबततात्या लोहारांच्या कारखान्यात तो धान्याच्या कोठ्या तपासायचा. पत्र्याच्या, गोल, पुरुषभर उंच. पहिल्याच दिवशी तात्यांनी शिकवलं, "मध्यावर दोरी गुंडाळायची. वर वाळूचं एकेक पोतं ठेवायचं. घेर वाढला की पुढचं पोतं ठेवायचं नाही."

"होय तात्या," भिवा म्हणाला. तो कशालाच नाही म्हणायचा नाही, हीच तर पंचाईत.

त्याच आठवड्यात आबूराव घरी जेवायला आले. भिवाला मुलगी द्यायची का, ते ठरवायला. त्याचं लग्न आधी दोनदा मोडलेलं, आईचा जीव टांगणीला. भिवानं पंगतीतच पाहुण्यांच्या पोटाला दोरी गुंडाळली. दुसऱ्या पुरणपोळीला घेर बोटभर वाढला. भिवानं तिसरी ताटातून उचलून घेतली. आबूराव तणतणत उठले.

आईनं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, समोरचा पुरे म्हणाला तरी आग्रह करायचा असतो! शपथ घालून वाढायचं!"

"बरं आई."

दुसऱ्या दिवशी चौथ्या पोत्याला कोठी कर्र वाजली. पुरे म्हणतेय, भिवानं ओळखलं. हात जोडून म्हणाला, "असं कसं? माझ्यासाठी एक. गळ्याशपथ!" सातव्या पोत्याला कोठी मटकन बसली. तिची भाकरी झाली.

तात्या धावत आले. "गाढवा! कर्र वाजलं की सगळं ओझं उतरवायचं! मग मध्यावर लोखंडी कडं ठोकायचं! आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून!"

"बरं तात्या."

इकडे आई जाऊन आबूरावांच्या पाया पडली. माणूस मोठ्या मनाचा, शिवाय तिसऱ्या पोळीत जीव अडकलेला. ते पुन्हा आले. पाटावर बसताना त्यांचा गुडघा कर्र वाजला.

भिवा ताडकन उठला. आबूरावांचा फेटा उतरवला. उपरणं उतरवलं. कोट उतरवला. मग कारखान्यातून कडं आणलं, डोक्यावरून घातलं आणि हातोड्यानं ठोकत ठोकत पोटावर बसवलं.

"देतो! मुलगी देतो रे बाबा!" आबूराव ओरडले. "उद्याच लग्न लावा, पण हे काढ!"

आईच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आलं. भिवालाही फार बरं वाटलं. पण कामात कुचराई त्याला जमायची नाही.

"लग्नाचं मग बघू, मामा," तो म्हणाला, आणि पहिलं पोतं त्यांच्या डोक्यावर ठेवलं.