तिसरा आकडा

एकदा एक वृद्ध कारागीर डोंगरमाथ्यावरच्या एका थंड गावात घरं उबदार करणारी यंत्रं बसवीत असे. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून खोलीत आणणारं हे यंत्र. लोक त्याला हीट पंप म्हणतात. त्याचा सारा प्राण तांब्याच्या दोन नळ्यांत. त्यांतून गॅस फिरतो, आणि एखाद्या सांध्यातून तो केसभर जरी गळला तरी एवढं महागाचं यंत्र नुसतं भुईला भार.

त्याच्या हाताखाली कुंदा नावाची एक बाई ही विद्या शिकत होती. वय पस्तिशीचं, आधी शिवणकाम करायची. हात मोठा सफाईदार. पण महिन्यापूर्वी तिने एका घरी एक सांधा गरजेपेक्षा जास्त आवळला, तो आतून चिरला आणि आठ दिवसांत गॅस निघून गेला. त्या घरी बाळंतीण होती. तान्हं बाळ दोन रात्री गारठलं. कुंदाला कुणी बोललं नाही, पण तेव्हापासून तिचं हसणं गेलं. पुन्हा गळती निघाली तर ही विद्या आपली नव्हे, मुकाट्याने शिवणयंत्रावर जाऊन बसायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. आणि खरं सांगायचं तर या कामावर तिचा फार जीव होता.

अशात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरचं काम आलं. बाईंची बोटं संधिवाताने आखडलेली. थंडीत त्यांना कपसुद्धा धरवत नसे. सगळे सांधे कुंदानेच केले. दुपारी चारला गुरूने नळ्यांत नायट्रोजन भरून दाबमापकाचा काटा चारशेवर आणला. सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला. कुठे बुडबुडा नव्हता. आता सकाळपर्यंत दाब टिकला की नळी पक्की, ही या धंद्याची रीत. गुरूने नळीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तीन आकडे लिहिले: वेळ, दाब आणि शेजारी टांगलेल्या तापमापकावरचे अंश, सव्वीस. हा तिसरा आकडा म्हणजे म्हाताऱ्याची एक खोड, असं कुंदाला नेहमी वाटे. हवा गार की गरम, याच्याशी बंद नळीचं काय देणंघेणं?

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती गुरूच्या आधी तिथे पोचली. काटा तीनशे ऐंशीवर होता.

प्रत्येक सांध्याला तिने पुन्हा फेस लावला. एकही बुडबुडा नाही. पण दुधाने तोंड पोळलेलं माणूस ते. तिचा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास बसेना. गळती आहे, आपल्याला सापडत नाहीये एवढंच, असं ती धरून चालली. झाकली मूठ सव्वा लाखाची, नंतर शोधू, असं म्हणत तिने सिलिंडरची चावी फिरवली आणि काटा पुन्हा चारशेवर नेऊन ठेवला. पट्टीवर लिहिलं: चारशे.

गुरू आठला आले. त्यांनी काटा पाहिला, मग तापमापक पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, हवा खेचायचा पंप आणू का? नळी कोरडी करून घेऊ," कुंदा म्हणाली.

"राहू दे. आज काही करायचं नाही. दुपारपर्यंत इथंच बसू."

"पण दाब तर टिकलाय."

"टिकलाय ना. म्हणूनच बसायचं."

म्हातारा खरोखरच भिंतीला पाठ टेकून उन्हात बसला. बाईंनी आतून चहा पाठवला. कुंदाने तो बाजूला ठेवला. ऊन चढू लागलं तसा काटाही हलू लागला. चारशे पाच. चारशे बारा. चारच्या सुमाराला तो चारशे वीसवर जाऊन थांबला. कुंदा टक लावून पाहत राहिली. सिलिंडर तर कधीचा बंद होता. तापमापकावर पुन्हा सव्वीस होते. शेवटी तिला राहवेना.

"काका, पहाटे तीनशे ऐंशी होते. वरचे वीस मी भरले." तिचे डोळे भरून आले.

"ठाऊक आहे मला. अगं, मी आलो तेव्हाही बारा अंशच होते. एवढ्या थंडीत न उतरलेला काटा चाळीस वर्षांत पाहिला नाही मी. बंद नळीतली हवा कुठं जात नाही, पण गारठ्यात आखडते आणि उन्हात पसरते. चारशेचे तीनशे ऐंशी झाले, ते व्हायलाच हवे होते. तुझा सांधा पक्का होता, पोरी. गळती झाकतेय असं तुला वाटलं आणि झाकलंस स्वतःचं चांगलं काम." त्यांनी पट्टीवरच्या तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. "चूक माझीही आहे. तिसरा आकडा का लिहितो, हे मी तुला कधी सांगितलंच नाही. आणि महिनाभर तुझा चेहरा उतरलेला बघतोय, तेही बोललो नाही. त्या बाळासाठी तुझा जीव कळवळला. काट्यासारखीच तूही थंडीनं उतरलीस गं, कुठं फुटलेली नाहीस."

कुंदाने पदराने डोळे पुसले. मग उठून तिने वरचे वीस सोडून दिले, पट्टीवरचा खोटा आकडा खोडला आणि नवी ओळ लिहिली: चार वाजता, चारशे, सव्वीस अंश.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा काट्यासमोर उभी राहिली. काटा तीनशे ऐंशीवर होता. तिने आधी तापमापकावरचे बारा अंश पाहिले, मग सावकाश तिन्ही आकडे लिहिले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिला हसू आलं. त्या संध्याकाळी बाईंच्या खोलीत ऊब आली. बाईंनी कप स्वतःच्या हाताने धरून तिला चहा दिला.

आपलंही माणूस कधी उतरलेलं दिसलं, तर त्याच्यात खोट शोधण्याआधी बाहेर थंडी किती होती, एवढं पाहावं.