उजव्या हाताच्या बांगड्या

डोंगराच्या उताराला एक गाव होतं आणि त्या गावात ओढणीआड हात लपवणारी एक मुलगी होती. आई गेल्यापासून दुपारच्या शांततेत तिच्या उजव्या हाताची नखं डाव्या हातावर फिरत. खपली निघे, रक्त येई, तेव्हा कुठे तिला कळे. मग ती रडे. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

सल्ल्यांची गावात कधीच टंचाई नव्हती. कुणी जखमांना कडुनिंबाचा रस लावला, कुणी हात बांधून ठेवले, कुणी पाणवठ्यावर चारचौघींत नावं ठेवली. असं का होतं, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. हिरव्या बांगड्या भरून मांडवात बसावं, एवढीच मुलीची आस. आई असती तर तिनेच जवळ घेऊन भरवल्या असत्या. आईमागे घर सांभाळणाऱ्या आत्याने अट घातली: महिनाभर हात स्वच्छ राहिला, तरच बांगड्या. दिवस सरत गेले तसा मुलीचा जीव अधिकच घाबरा झाला, आणि नखंही अधिकच चालली.

कासारीण आली. बायका चटईवर बसल्या. मुलगी दाराशीच उभी राहिली.

"तिला नको," आत्या म्हणाली. "जरा वळण लागू दे."

"चाळीस वर्षं हात धरतेय, बाई," कासारीण म्हणाली. "आवळलेल्या हातात बांगडी चढत नाही, फुटते. आणि धाकाने सैल झालेला हात मी अजून पाहिला नाही."

तिने मुलीला जवळ बसवलं. डाव्या हाताला काच लागेल म्हणून त्यावर स्वच्छ फडकं गुंडाळलं आणि उजवा हात मागितला.

मुलगी दचकली. "हा नको. सगळं हाच करतो."

"म्हणूनच हा. कधी करतो गं?"

"दुपारी. आईची हाक येईल असं वाटतं. येत नाही, तेव्हा."

नवरी डोळे पुसू लागली. कासारणीने एकेक करून बारा बांगड्या भरल्या. मग आत्याला तिने स्पष्टच सांगितलं की ही खोड नाही, दुखणं आहे, आणि मनाच्या दुखण्याचा वैद्य पलीकडच्याच गावात आहे.

आत्या तिला घेऊन गेली. जखमा लगेच थांबल्या नाहीत. पण आता हात नकळत निघाला की बांगड्या किणकिणत आणि मुलगी भानावर येई. तो आवाज ऐकून आत्याही हातातलं काम टाकी, तिला नावाने हाक मारी आणि शेजारी येऊन बसे.

ती हाक आईची नव्हती. पण हाक होती.

तात्पर्य एवढंच: ज्याच्या हातून स्वतःलाच इजा होते, त्याचे हात बांधू नयेत; ते हातात घ्यावेत.