तांबटांचा मुका घाट

उतरलात ना पायऱ्या? आता जरा कान द्या, मंडळी. वर चौकात हॉर्न, भोंगे, भाजीवाल्यांची बोंबाबोंब. इथं नुसतं पाणी वाजतंय. लग्नाची वरात आली तरी बँडवाले वरच्याच पायरीवर वाजवणं थांबवतात, आणि आम्ही जातीचे तांबट असून इथं हातोडी आणत नाही. नव्या माणसाला वाटतं, कोणी साधू तपाला बसला असेल. कसला साधू अन् कसलं काय! आमच्याच आळीतल्या माणसाची ही करणी आहे.

फार जुनी गोष्ट. तेव्हा तांबटांच्या ऐरणी थेट पाण्याला लागून होत्या, असं सांगतात. दिवसभर असा ठणठणाट, की शेजारच्याशीही हातवारे करून बोलावं लागे. सगळ्यात खाली, नदीकडे तोंड करून अंताजी तांबट बसायचा. मठारकामात, म्हणजे घडवलेलं भांडं ठोकून त्याला चकाकी आणि बळ देण्यात, त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या कामाचा एक नेम आहे. ठोक्यांची ओळ धरली की पुरी केल्याशिवाय हातोडी ठेवायची नाही, नाहीतर जोड दिसतो. अंताजीच्या भांड्याला जोड दाखवणारा अजून जन्मायचा होता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे.

नदी चढलेली होती. अंताजी देवळाच्या घंगाळावर शेवटची ओळ मारत होता. बुधा कोळी रिकामी नाव घेऊन पैलतीराहून येत होता, ती धारेत उलटली आणि तो एक फळी धरून घाटाजवळून वाहत आला. "अंताजी, दोर टाक," असं तो ओरडला म्हणे. दोर अंताजीच्या मागेच खुंटीला होता. हाक त्याला लख्ख ऐकू आली. बुधा पट्टीचा पोहणारा, धरेल घटकाभर दम, असं मनाशी म्हणत त्यानं ओळ पुरी केली. मान वर केली तेव्हा पाण्यावर फळी होती, बुधा नव्हता.

लोक धावत आले. तुला ऐकू कसं आलं नाही, असं कोणीतरी विचारलं. "या ठणठणाटात कोणाला काय ऐकू येणार?" अंताजी बोलून गेला. ते बोलणं सगळ्या आळीच्या जिव्हारी लागलं. आपल्या आवाजानं माणूस गेला म्हणून सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

बुधाची बायको ठकूबाई स्वतः अंताजीच्या दारात आली. "दादा, मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष?" म्हणाली. त्यापेक्षा तिनं चपलेनं हाणलं असतं तर बरं, असं त्याला झालं. घंगाळ देवळात गेलं. लोक त्यावर हात फिरवत, कुठं जोड सापडतो का बघत आणि वाखाणत. अंताजीला मेल्याहून मेल्यासारखं होई. बायकोच्या नजरेला नजर देववेना.

शेवटी आळीनं ठरवलं, ऐरणी वर न्यायच्या. बापजाद्यांची जागा सोडताना म्हातारी माणसं रडत होती. ते बघून अंताजीचा धीर सुटला. "ठेवा त्या खाली," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मला ऐकू आलं होतं. ओळ मोडायची नव्हती, म्हणून मी उठलो नाही."

कोणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. तेच त्याला सोसवेना. मग आळीतला एक जाणता म्हणाला, तर मग आवाजाचा काय गुन्हा, बसा आपापल्या जागेवर. तशी ठकूबाई पुढं झाली.

"ऐरणी वरच न्या," ती म्हणाली. "इथं एवढं शांत राहू द्या, की ऐकू आलं नाही असं सांगायला पुन्हा कोणाला तोंड राहू नये."

त्यानंतर ती अंताजीशी जन्मात बोलली नाही, असं सांगतात.

शहरातली माणसं इथं येऊन बसतात, त्यांच्या जिवाला बरं वाटतं. बसा की, तुमचाच घाट आहे. आम्हाला मात्र इथं मान वर करून बसवत नाही. आजही पोहताना कोणी गमतीनं हाक मारली, तरी पायऱ्यांवरचे सगळे तांबट हातातलं टाकून उभे राहतात.