डेऱ्यातलं बिऱ्हाड

एका गावात पिराजी नावाचा एक भोळा पोरगा होता, आणि त्याच्या लग्नाचं जे वाटोळं झालं ते त्याच्या चुलत्याने केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गाव अजून पोरालाच हसतं. चुलत्याला सगळे नाना म्हणत. पिराजीचे आईबाप तो लहान असतानाच गेले. तेव्हापासून घर पिराजीचं, राबणं पिराजीचं, आणि सोप्यातला झोपाळा नानांचा. नाना झोपाळ्यावरून उठत ते जेवायला आणि परसाकडे. उरलेला वेळ ते सल्ले देत. मोठ्यांचं ऐकावं असं पिराजीला कुणीतरी शिकवलं होतं. तो ऐकायचा.

पिराजीचं लग्न जमत नव्हतं. पोरगं अंगापिंडाने चांगलं, कामाला वाघ. पण चार वाक्यं बोललं की पाहुणे चहा न पिता उठायचे.

नाना म्हणाले, "पिऱ्या, तुझा शनी वाकडा हाय. रोज मुंग्यांना साखर घाल. लग्न जमतंय का न्हाई बघ."

"किती घालू, नाना?"

"पोटभर घाल."

पिराजी साखरेचा डबा घेऊन माळावर गेला. तिथे काळ्या मुंग्यांचं बीळ होतं. त्याने एक मुंगी अलगद धरली, तिच्या तोंडापुढे साखरेचा दाणा धरला आणि म्हणाला, "खा, बाई." मग दुसरी धरली. मग तिसरी. दिवस कलला तरी पिराजी माळावर, आणि घरी नाना उपाशी.

"कुठं मेला होतास रं?"

"पोट भरलं का ते कळंना, नाना. एक बी ढेकर देईना."

"अरं टोणग्या! एकेकीला भरवत बसतोस व्हय? मधोमध वतायचं आन मोकळं व्हायचं. ज्याला पायजे ते खाईल."

पिराजीने ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी देवळात भंडारा होता. पंगत बसली. पिराजीच्या हातात आमटीची बादली आली. एकेकाला वाढत बसण्याचा मूर्खपणा त्याने केला नाही. तो पंगतीच्या मधोमध गेला, बादली उपडी केली आणि म्हणाला, "ज्याला पायजे त्यानं घ्या." आमटी कढत होती आणि जमिनीला उतार होता. उताराला सगळी म्हातारी मंडळी बसली होती, कारण पुढची जागा नेहमी त्यांचीच. धोतरं सावरत ती अशी उड्या मारायला लागली, की त्यांच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही हे गावाला त्या दिवशी कळलं.

नाना कपाळ बडवून म्हणाले, "अरं, भांडं म्हणून काय असतंय का न्हाई? आपलं जे काय असंल ते भांड्यात भरावं, घरात आणून ठेवावं. असं उघड्यावर सोडू नये."

पिराजीने ध्यानात ठेवलं. विचार केला. आपलं असं उघड्यावर काय आहे? मुंग्या आहेत. कुदळ घेऊन तो माळावर गेला, बीळ खोल खणलं, आणि मातीसकट, अंड्यांसकट सगळं बिऱ्हाड मोठ्या डेऱ्यात भरून घरी आणलं. डेरा नानांच्या ताकाचा होता. सोप्यात झोपाळ्याशेजारी ठेवला.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, त्याने मुंग्या झकास वाढवल्या. माती वाळू दिली नाही, फार ओलीही होऊ दिली नाही. साखर दिली, भाकरीचा चुरा दिला, मेलेलं झुरळ दिसलं तर त्याची मिशी शेपटासारखी धरून आणून दिलं. मुंग्या अंडी उबेच्या बाजूला नेतात हे त्याने बघून ठेवलं, आणि उन्हाची तिरीप सरकली की तो डेरा फिरवायचा. मुंग्या दुप्पट झाल्या, चौपट झाल्या. पिराजी डेऱ्याला कान लावून बसायचा. त्या घरात त्याच्याबरोबर राबणारं कुणीतरी पहिल्यांदाच आलं होतं.

मग मुंग्या काठावरून बाहेर पडल्या आणि झोपाळ्याची साखळी चढून नानांच्या धोतरात गेल्या. नाना असे उठले, की झोपाळा रिकामाच हलत राहिला.

"अरं, डेऱ्याच्या काठाला त्याल लाव त्याल! पाय घसरतोय, भाईर पडत न्हाईत."

पिराजीने तेल लावलं. मुंग्या काठापर्यंत यायच्या आणि घसरून आत पडायच्या.

"बघितलंस?" नाना म्हणाले. "जे जाऊ नये असं वाटतंय त्याच्या वाटंत त्याल लावावं."

पिराजीने ध्यानात ठेवलं.

याच सुमारास शेजारच्या गावच्या केरबा खोतांच्या मुलीचं स्थळ आलं. मुलीचं नाव सुगंधा. नाना पिराजीला घेऊन मुलगी बघायला गेले. सुगंधा पोहे घेऊन आली. तिच्या बांगडीवर एक मुंगी चालली होती. पिराजी हरखून म्हणाला, "तुमच्याकडं बी हायत व्हय?" सुगंधाने ओठ दाबून धरले, पण तिला हसू आवरेना. ती खळखळून हसली. बापाने डोळे वटारले तरी हसली. आत जाऊन आईला म्हणाली, "मला ह्योच चालंल." ते बाहेर ऐकू आलं. परतीच्या वाटेवर पिराजीने नानांना एकही प्रश्न विचारला नाही. एकदाच म्हणाला, "हीच पायजे, नाना."

मग केरबा एकटेच घर बघायला आले. आजवर आलेला प्रत्येक पाहुणा उठून गेला होता. हा जाऊ नये म्हणून काय करावं? केरबा आत बसल्याबरोबर पिराजीने घरात होतं नव्हतं तेवढं तेल उंबऱ्यावर आणि पायरीवर ओतलं. केरबा चहा पिऊन निघाले. एक पाय पुढे गेला, दुसरा वर गेला, आणि केरबा माकडहाडावर बसले. उठता येईना. घरातच खाट टाकून निजवावं लागलं.

"नाना," पिराजी आनंदाने म्हणाला, "पाव्हणं गेलं न्हाईत."

तेल उंबऱ्याला संपलं, म्हणून डेऱ्याचा काठ कोरडा पडला. मुंग्या बाहेर आल्या, आणि त्यांना खाटेवर केरबा सापडले. केरबा बोंबलायला लागले. आता नाना झोपाळ्याची साखळी तपासून पाय वर घेऊनच बसले होते. तिथूनच म्हणाले, "खाटंचं पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव. ज्याच्या पायाखाली पाणी, त्याच्यावर मुंगी चढत न्हाई."

पिराजीने विचार केला. खाटेला कुठे मुंग्या चावतायत? चावतायत केरबांना. त्याने परातभर पाणी आणलं, केरबांना धरून खाटेच्या काठावर बसवलं, आणि त्यांचे दोन्ही पाय परातीत ठेवले. पायांवरच्या मुंग्या बुडू नयेत म्हणून त्या हळूहळू चोळून काढल्या.

केरबांचे डोळे भरून आले. "नाना," ते म्हणाले, "लग्नात सासऱ्यानं जावयाचं पाय धुवायचं असत्यात. हितं जावईच सासऱ्याचं पाय धुतोय. असलं पोरगं दिवा लावून शोधलं तरी सापडायचं न्हाई."

"आमीच लावलंय वळण," नाना म्हणाले.

लग्न ठरलं. केरबांनी एकच अट घातली. "आदी ह्या मुंग्या घालवा. माझी पोरगी वारुळात नांदायची न्हाई."

पिराजी कामाला लागला. एकेक मुंगी चिमटीत धरायची, माळावर नेऊन सोडायची आणि परत यायचं. पण तो परत येईपर्यंत मुंगीही परत आलेली असायची. तिथी जवळ येत चालली. पिराजीचं जेवण तुटलं. सुगंधा हातची जाईल या भीतीने तो रडकुंडीला आला.

"एकेक काय उचलतोस, गाढवा?" नाना म्हणाले. "सुटी सुटी नेली तर माघारीच यायची. त्यांच्यातलं मुख्य असतंय ते शोध. लठ्ठ असतंय. मधोमध बसून असतंय. सोता काडी हलवत न्हाई. बाकीची राबत्यात, आन त्याच्याम्होरं खायला आणून ठेवत्यात. ते उचलून ने. सगळं बिऱ्हाड मागनं जातंय."

पिराजीने घरभर नजर फिरवली. मग त्याने नानांना उचललं.

"अरं! अरं सोड! पिऱ्या!"

पिराजीने नानांना खांद्यावर टाकून भर गल्लीतून माळावर नेलं, बिळाच्या जागी ठेवलं आणि मागे वळून बघत उभा राहिला. एकही मुंगी येईना.

"मी न्हवं रं, भाड्या!" नाना ओरडले. "राणी! बाईमाणूस असतंय ते!"

मग पिराजीने डेऱ्यात हात घातला. अगदी खाली, मातीच्या पोटात, ती सापडली. बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठी, आणि भोवती गर्दी. त्याने तिला वाटीत घालून माळावर नेलं. आणि खरंच, सोप्यातून ओळ निघाली. अंडी तोंडात धरून मुंग्या उंबरा उतरल्या, गल्ली ओलांडली, माळावर गेल्या. घर स्वच्छ झालं. पिराजीने रिकाम्या डेऱ्याला एकदा कान लावून बघितला.

"बघितलंस?" नाना म्हणाले. "राणी हलली की बिऱ्हाड हलतंय. जन्मात इसरू नगं."

पिराजीने ध्यानात ठेवलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव केरबांच्या दारात. निघताना नाना म्हणाले, "आज एकदा सून घरात आण, म्हंजे मी सुटलो."

पिराजी पाटावर उभा राहिला. अंतरपाट धरला. भटजी मंगलाष्टका म्हणायला लागले. पिराजीने अंतरपाटाच्या कडेने हळूच बघितलं. पलीकडे सुगंधा. बारीकशी, मान खाली, सकाळपासून उपाशी. हिला कुणी काही भरवत नव्हतं. जो तो तिलाच सांगत होता, इकडे वळ, तिकडे उभी राहा. म्हणजे ही सुटी. सुटी नेली तर माघारी जायची.

मग त्याने मांडवभर नजर फिरवली. मधोमध खुर्चीवर सुगंधाची आई बसली होती, आक्काताई. अंगाने भरलेली. एक बाई वारा घालत होती, दुसरी सरबत घेऊन उभी होती, सगळं वऱ्हाड तिच्या भोवती फिरत होतं.

पिराजी पाटावरून उतरला.

"तदेव लग्नं" म्हणायला भटजींनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. नवऱ्या मुलाने मुंडावळ्यांसकट आक्काताईंना खुर्चीवरून उचललं, दारातल्या बैलगाडीत घातलं आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. आक्काताई वाटभर किंचाळत होत्या. पिराजी मागे वळून सांगत होता, "आत्या, घाबरू नगा. समदी येत्यात मागनं."

आणि आली. केरबा आले, सुगंधाचे भाऊ आले, भावकी आली, भटजी आले, वाजंत्री आले, नाना आले. पिराजीने आक्काताईंना नीट सोप्यात बसवलं आणि दारात उभा राहून वाट बघू लागला. धूळ उडवत येणारी ती ओळ बघून त्याचा चेहरा फुलला. काठ्या त्याला दिसल्या, पण त्या वऱ्हाड आपलं सामान म्हणून आणतंय असं त्याला वाटलं.

त्याला उंबऱ्यातच आडवा केला. भाऊ मारून दमले तेव्हा सुगंधा पोहोचली. अनवाणी, हळद घामाने ओघळलेली.

"ह्ये काय केलंसा?" ती म्हणाली.

"तुला एकटीला आणली असती तर तू माघारी गेली असतीस."

सुगंधा या वेळी हसली नाही. "मी न्हवते जाणार," ती म्हणाली.

केरबांनी तिचा दंड धरला आणि ओढत नेलं. नाना गर्दीतून वाट काढत झोपाळ्यावर जाऊन बसले आणि जमलेल्यांना म्हणाले, "पोरगं पयल्यापासनंच येडं. म्या किती सांगितलं त्याला."

त्याच मांडवात, त्याच दिवशी, सुगंधाचं लग्न दुसऱ्या एकाशी लावून दिलं. पिराजीला त्यानंतर एकही स्थळ आलं नाही.