कालची कणीक

"पण बुवा, वर्षभरात काही बिघडलंच नाही, तर देखभालीचे पैसे द्यायचे कशाबद्दल?"

डॉक्टर विश्राम खटावकरांनी हे विचारलं कसलं, जवळजवळ बजावलंच. लहानपणी याच मठात ते धुंडिराजबुवांकडे पखवाज शिकले होते. पुढे तालुक्यात रक्तपेढी उभी केली, तीही शून्यातून. "आमच्या दारातून रक्तावाचून कोणी परत गेलेलं नाही," हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवत. अभिमान होता आणि तो रास्तच होता.

बुवा गालातल्या गालात हसले. "मलाही आहे रे अभिमान. शिष्य माझा, म्हणून गावभर सांगत सुटतो मी."

डॉक्टर आणखी ताठ बसले.

"मग ऐका. कुठल्या पिशवीत कुठल्या गटाचं रक्त, सगळ्या नोंदी एका सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ते विकणारा आता दोन गोष्टी गळ्यात मारतोय. एक नवी आवृत्ती, दुसरा देखभालीचा करार. उद्या सही मागतोय."

"नव्यात काय आहे?"

"रंगीत तक्ते. काम तेच."

बुवांनी शेजारच्या पखवाजाची मखमली गवसणी उतरवली आणि डॉक्टरांच्या मांडीवर टाकली.

"एका भक्तानं दिली. हिच्यामुळे नाद सुधारला असेल?"

"गवसणीनं कसा सुधारेल?"

"मग ती नवी आवृत्ती राहू दे."

"बघा! मीही तेच म्हणत होतो. करारही नकोच."

"करारात काय करतात ते?"

"नोंदींची दुसरी प्रत ठेवतात, बारीकसारीक दुरुस्त्या करत राहतात. नाही केल्या तर म्हणे एखाद्या दिवशी नोंदी उघडणारच नाहीत."

"आणि नाही उघडल्या तर?"

"तर…" डॉक्टर जरा अडखळले. "तर फ्रीजमध्ये रक्त असून रुग्णाला देता येणार नाही. पण असं कधी झालंय का? एकदाही नाही! माझी पेढी ठणठणीत आहे, बुवा."

 बुवांनी पखवाज पुढे सरकवला.

"वाजव. हात राहिलाय का बघू."

हाताचा विषय निघाला की डॉक्टर मागे हटणाऱ्यांतले नव्हेत. बाह्या सरसावून त्यांनी जोरात थाप दिली. उजवी बाजू सुरेख बोलली. डावी मात्र रिकाम्या डब्यासारखी वाजली.

"बुवा, कणीक कुठंय?"

डाव्या तोंडावर ओली कणीक थापल्याशिवाय पखवाजाला घुमारा येत नाही, आणि वाजवून झालं की ती खरवडून गाईला घालायची. डॉक्टर हे इथेच शिकले होते.

"काल लावली होती की," बुवा म्हणाले.

"कालची आज कशी चालेल?"

"काल भजन फार रंगलं रे. पखवाजानं दगा दिला नाही. काही म्हणजे काही बिघडलं नाही…"

डॉक्टरांचा हात पखवाजावरच राहिला. बुवांनी पिठाची परात त्यांच्यापुढे ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला.

"म्हणजे कालची कणीक फुकटच गेली म्हणायची!"